टेको बोल्ड: फ्लेक्सवर अक्षरं दाबायची कटकट गेली (बऱ्यापैकी)

गावच्या कबड्डीचा फ्लेक्स दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो आणि दरवर्षी तोच वैताग, "जिल्हास्तरीय निमंत्रित कबड्डी स्पर्धा" ही ओळ १० बाय ४ मध्ये मोठ्ठी बसवायची म्हणजे अक्षरं बाजूंनी दाबायला लागतात. सगळेच दाबतात. पण देवनागरी दाबली की शिरोरेषा आडवी म्हणून ती जाडच राहते आणि काने, दांडे मात्र बारीक होतात, शब्द कसला, तुळईला काड्या टांगल्यासारखं दिसतं.

यंदा टेको बोल्ड हा फॉन्ट लावला. इंडियन टाइप फाउंड्रीचा, मनुषी पारिखने केलेला, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, लाइट ते बोल्ड पाच वेट (जाड्या) आहेत, लायसन्स ओपन आहे त्यामुळे धंद्याच्या कामालाही चालतो. हा मुळातच अरुंद काढलाय, म्हणजे दांडा आणि शिरोरेषा एकमेकांना शोभतील अशा जाडीचे. व, क, ब यांची पोटं पण गोल नाहीत, चौकोनी वळणाची, जर्सीवरच्या नंबरसारखी, कबड्डीला एकदम फिट्ट. (लग्नपत्रिकेला लावू नका प्लीज.) इंग्रजी अक्षरंही त्याच अंगाची असल्यामुळे मंडळ मराठीत आणि स्पॉन्सर इंग्रजीत असले तरी दोन बॅनर कापून जोडल्यासारखं वाटत नाही.

ओळींमधलं अंतर मात्र बघा. इंग्रजीत सगळी कॅपिटल घेऊन ओळीला ओळ चिकटवतात आणि मस्त ठोकळा होतो, आपल्याकडे तसं केलं की "खुला गट"चा उकार खालच्या "पारितोषिक"च्या वेलांटीत घुसतो. जागा सोडावीच लागते, म्हणजे रुंदीत वाचवलेलं थोडं उंचीत जातंच.

आणि खाली कार्यकर्त्यांची ४०-५० नावं असतात ना, तिथे बोल्ड अजिबात नको. बारीक साइजला ब मधली तिरकी रेघ भरून जाते आणि ब-व एकच दिसतात, जोडाक्षरांचा तर नुसता डाग. आमच्यात वाबळे तिघं आहेत, परत घरी येऊन भांडले असते. नावांना मुक्ता हा फॉन्ट घेतला, प्रश्न मिटला. रुंदी आपल्या हाताने कमीजास्त करायची असेल तर 'एक टाइप' या फाउंड्रीचा 'अनेक' नावाचा फॉन्ट पण आहे, चांगलाय, पण टेकोचा रांगडेपणा त्यात नाही, निदान मला तरी नाही वाटत.

प्रिंटवाल्याकडे फाइल कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारांत रूपांतर करून) पाठवा. मी आधी तशीच दिली, त्याच्याकडचं सॉफ्टवेअर जुनं, प्रूफमध्ये "स्पर्धा"चे सगळे पाय मोडून आले, "स्‌पर्‌धा". फक्त मूळ फाइल जपून ठेवा, कर्व्ह केल्यावर तारीख टाइप करून बदलता येत नाही आणि आमच्या मंडळात तारीख आदल्या रात्री बदलते.