झील न येणारे गाणे

लोकगायनात मुख्य गायकाने ओळ म्हणायची आणि मागच्या साथीदाराने झील धरायची, म्हणजे त्या ओळीला सुरात साथीचा प्रतिसाद द्यायचा, ही रचना इतकी सवयीची झालेली असते की झील आलीच नाही तर काय होईल, हा प्रश्न श्रोत्याला पडत नाही. नुकताच पाहिलेला सत्तर मिनिटांचा एक प्रायोगिक नाट्यप्रयोग याच प्रश्नावर उभा आहे. भावाच्या साथीने आयुष्यभर गायलेली एक स्त्री त्याच्या मृत्यूनंतर प्रथमच गायला उभी राहते, पहिली ओळ म्हणते आणि थांबते. डफाचा ठेका चालू राहतो, झिलेच्या मात्रा मात्र रिकाम्या जातात. त्या मात्रा काटेकोर मोजलेल्या असल्यामुळे तिथे कोण नाही, हे आधी कानाला कळते.

नाट्यशास्त्राने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद येथे आठवतो. विप्रलंभ म्हणजे विरहातला शृंगार; त्यात भेटीची आशा असते, म्हणून तो सापेक्ष. ती आशा संपली की उरतो तो निरपेक्ष करुण. पूर्वार्धात ही गायिका प्रत्येक ओळीनंतर मागे वळून पाहते. पुढे कधीतरी, नेमके केव्हा ते लक्षातही येत नाही, तिचे वळणे थांबते. एवढा मोठा पालट एकाही संवादाविना घडवणे हे दिग्दर्शकाचे मोठे यश आहे.

ग्रीक शोकांतिकेत पात्र आणि वृंद (कोरस) यांनी मिळून केलेल्या विलापाला ‘कॉमॉस’ म्हणतात. इ.स.पू. 472 मध्ये सादर झालेल्या एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकाच्या शेवटी पराभूत राजा आक्रोश करतो आणि वृंद त्याला ओळीमागून ओळ उत्तर देतो. त्या राजाजवळ निदान उत्तर देणारे कोणी होते. या रंगमंचावर उत्तराच्या जागी हळूहळू कविता येते: चष्म्याचे घर, अर्धवट भरलेला अर्ज, दाराआडची चप्पल अशा वस्तूंची नुसती नावे, कोणताही चढउतार न करता उच्चारलेली. मधली दीर्घ कविता मात्र अंधार, पोकळी, आभाळ अशा शब्दांत हरवते आणि प्रयोग तिथे दहा मिनिटे अडतो.

गायिकेच्या आवाजासाठी ध्वनिक्षेपक वापरलेला नाही, त्यामुळे शक्यतो पुढच्या रांगांत बसावे. खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. गायिका अखेर स्वतःच झील धरते, तीही भावाच्या पट्टीत, जिथे तिचा आवाज पोहोचत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी ध्वनिमुद्रित सिंथेसायझर चढत्या स्वरात सुरू होतो, जणू प्रेक्षकाला रडण्याची खूण करावी लागते. पुढील प्रयोगांतून ते ध्वनिमुद्रण काढून टाकावे, ही कळकळीची विनंती. तिचा खर्जात विरणारा आवाज आणि आवर्तनाच्या मध्येच थांबलेला डफ, एवढे पुरेसे आहे.