रेसिडेन्सीनंतरचा सीव्ही : एका लेखनसेवेबद्दलचे मत

एमडी मेडिसिननंतरचे बॉण्डचे, म्हणजे सक्तीच्या सेवेचे, वर्ष संपत आले, तेव्हा खासगी रुग्णालयांत फिजिशियन म्हणून अर्ज करण्यासाठी मी एका ऑनलाइन सेवेकडून सीव्ही लिहून घेतला. अडीच हजार रुपये शुल्क, चार दिवसांची मुदत आणि दोनदा दुरुस्ती असे ठरले होते, आणि मुदत त्यांनी पाळली. माझ्या पाच पानांची त्यांनी दोन पाने केली, दहावीचे गुण, छंद व वैवाहिक स्थिती काढून टाकली आणि ताज्या कामापासून मागे जाणारा क्रम लावला. मांडणीसाठी या सेवेकडे जायला हरकत नाही.

वैद्यकीय मजकूर मात्र त्यांच्यावर सोपवू नये. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यांनी दुसऱ्या पानाच्या तळाशी टाकला होता. रुग्णालय आधी तीच नोंद तपासते, एमडीची अतिरिक्त अर्हता नोंदली आहे का ते पाहते आणि नूतनीकरण दर 5 वर्षांनी करावे लागत असल्याने वैधतेची तारीखही विचारते. म्हणून हा तपशील नावाखालीच हवा.

याहून मोठी उणीव म्हणजे रेसिडेन्सीची, म्हणजे एमडी करतानाच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाची, तीन वर्षे ‘रुग्णसेवेचा व्यापक अनुभव’ एवढ्याच शब्दांत संपवली होती आणि शेजारच्या रंगीत चौकटीत इंट्युबेशनपुढे (श्वासनलिकेत नळी घालणे) पाचपैकी चार तारे भरले होते. रात्री आयसीयू एकट्याने सांभाळणारा डॉक्टर शोधणाऱ्याला त्या ताऱ्यांवरून काहीही कळत नाही. मी लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) घेऊन दोन संध्याकाळी बसले आणि इंट्युबेशन, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणे), प्लुरल टॅप (फुप्फुसाभोवतीचे पाणी काढणे) व लंबर पंक्चर (कण्यातून सुईने पाणी काढणे) यांपैकी किती स्वतंत्रपणे केले आणि किती वरिष्ठांच्या देखरेखीखाली, हे वेगवेगळे लिहिले. आयसीयूत किती खाटा होत्या, हेही नोंदवले. पुढे मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न याच ओळींवर आले.

जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे एमडी करतानाच जिल्ह्याच्या रुग्णालयात काम करण्याचे, तीन महिने त्यांनी किरकोळ समजून वगळले होते, याचे मला मनापासून वाईट वाटले. सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा मोजक्या साधनांत हाताळायला मी तिथेच शिकले, आणि तालुक्याच्या रुग्णालयाला नेमका हाच अनुभव हवा असतो. वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करायचा असेल तर याच सीव्हीची वेगळी प्रत करावी लागते, कारण सहायक प्राध्यापकपदासाठी एमडीनंतर सीनियर रेसिडेन्सीचे, म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून केलेल्या कामाचे, वर्ष मोजले जाते. त्या प्रतीत रुजू झाल्याची व कार्यमुक्तीची तारीख, प्रबंधाचा विषय आणि प्रकाशने ठळकपणे द्यावी लागतात.

दुसऱ्या दुरुस्तीत त्यांनी हे सर्व जादा पैसे न घेता नीट बसवून दिले. ‘संदर्भ मागणीनुसार’ ही त्यांची ओळ काढून तिथे विभागप्रमुख आणि आयसीयूप्रमुख यांची नावे मी स्वतः घातली, अर्थात दोघांनाही आधी फोन करून आणि त्यांची परवानगी घेऊन.