अरेका म्हणून आणली ती पोफळ

फोंड्यात आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकाला आमचा हॉल दिसतो. मार्च ते जून गोव्यात दार लावून घरात बसवत नाही, वारा येतो तो दारातूनच. गेल्या वर्षी सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची खाट हॉलमध्ये आली. येणारा-जाणारा "काय काका, बरं आहे ना?" म्हणत आत डोकवायचा. माणसं प्रेमानंच विचारत होती, पण लुंगी वर करून पट्टी बांधत असताना परक्यांनी बघावं हे त्यांना फार लागायचं. म्हणून दाराबाहेर कुंड्यांचा आडोसा करायचं मी ठरवलं. कुंड्यांवर माझे ११,८०० रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण झाडं विकणाऱ्याची ही युक्ती एका घरापुरती नाही. आमच्याच इमारतीत आणखी दोघांची अशीच फसवणूक झाली आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाडांचा टेम्पो आला. विकणारा गोड बोलणारा, हातात मोबाईल, त्यात हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या दारातल्या भरगच्च झाडांचे फोटो. मी सांगितलं, घरात आजारी माणूस आहे, माझी नोकरी आहे, झाडांच्या मागे लागायला वेळ नाही. तो म्हणाला, "ताई, मग अरेका घ्या. पाणी आठवड्यातून एकदा. सहा महिन्यांत भिंत उभी राहते." जिन्यावर जाळीची भिंत आहे, सकाळी दीड-दोन तास ऊन येतं, नंतर नुसता उजेड. ते त्याने वर येऊन पाहिलं नाही, ऊन किती येतं असं विचारलंही नाही. ज्याला झाड जगवायचं असतं तो पहिला प्रश्न उजेडाचाच विचारतो. हे मला आता कळतं.

चार कुंड्या अरेका पाम, प्रत्येकी १४०० रुपये. दोन मोठे फायकस, प्रत्येकी १६०० रुपये. वर ३००० रुपये वर्षभराच्या देखभालीचे: महिन्यातून एकदा माणूस येणार, खत घालणार, मेलेलं झाड बदलून देणार. सगळे पैसे आधी, मोबाईलवरून. पैसे गेले त्या खात्याचं नाव आणि त्याने दिलेल्या कार्डावरचं नाव वेगळं होतं. तो म्हणाला, "भावाचं खातं आहे." पावती म्हणून एक साधा कागद मिळाला, त्यावर 'झाडे ६ नग' एवढंच.

फायकस दिसायला सुरेख होते. माणसाच्या खांद्याएवढे, पानं चकचकीत, कुंडीच्या तोंडावर पांढऱ्या खड्यांचा जाड थर. दहा-बारा दिवसांत पानं गळायला लागली. फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "फायकसची जागा बदलली की पानं गळतातच. महिनाभर हात लावू नका, मुळं हलली तर झाड मरेल." मी शोधून पाहिलं तर गोष्ट खरी निघाली. आपल्याकडे कुंडीत लावतात तो बेंजामिना फायकस जागा बदलली की खरोखरच पानं गाळतो, नंतर नवी फुटतात. म्हणून मी थांबले. खऱ्या माहितीच्या आड लपवलेलं खोटं ओळखायला मला एक महिना लागला.

जूनमध्ये एकही पान उरलं नाही, तेव्हा मी खोड धरून ओढलं. ते काठीसारखं वर आलं. मूळ नाही, तंतू नाही, काही नाही. खाली तिरका कोयत्याचा घाव, तो काळा पडून कुजलेला. कुठल्या तरी मोठ्या झाडाची फांदी तोडून मातीत खोचलेली होती. मेमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की तोडलेली फांदीसुद्धा कितीतरी दिवस हिरवी राहते, आणि तेवढ्यात टेम्पो दुसऱ्या गावाला पोचलेला असतो. खडे काढून पाहिलं तर वर बोटभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि खाली बांधकामाचा चुरा मिसळलेली जांभ्याची तांबडी माती. दुसऱ्या कुंडीतही तेच. 'महिनाभर हात लावू नका' हे त्याने कशासाठी सांगितलं, ते त्या क्षणी लक्षात आलं. देखभालीचा माणूस एकदा आला होता, पानांवर चमक आणणारा फवारा मारून गेला होता. त्यानंतर फोन बंद.

तरी मी मनाची समजूत घालत होते की चार अरेका तर जिवंत आहेत.

त्या खरंच जिवंत होत्या. चवथीला सावईवेरे गावाहून नवऱ्याची आत्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या छताचं, सामान घेऊन आली, त्यात पोफळीचा घोसही होता. आयुष्य कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, गेलेली बाई. दाराशी आली, पिशवी खाली ठेवली आणि कुंडीसमोर वाकली. "अगो, ह्या माड्या कुंडीत कशाला लावल्यास?" आमच्याकडे पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, माडी म्हणतात. मी म्हटलं, "आत्या, माडी नव्हे, अरेका पाम आहे." तिने काही न बोलता बोटांनी बुंध्याजवळची माती उकरली आणि आतून सुपारीचं कुजलेलं सोडण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. रोप त्या सुपारीतूनच उगवलेलं होतं. एकेका कुंडीत तीन-तीन रोपं जवळजवळ खोचली होती, म्हणजे झुडूप वाटावं. "असलं रोप आमच्याकडे पन्नास रुपयांच्या आत मिळतं," ती म्हणाली.

यातली मेख नावातच आहे. वनस्पतिशास्त्रात पोफळीचंच नाव अरेका कॅटेचू. दुकानात 'अरेका पाम' म्हणून मिळतो तो मूळचा मादागास्करचा, डिप्सिस ल्युटेसेन्स, पूर्णपणे वेगळा पाम. म्हणजे 'ही अरेका आहे' हे त्याचं वाक्य पकडायला गेलं तर खोटंही ठरत नाही. पण आडोशासाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुकानातल्या अरेकाला बुडापासून नवे कोंब फुटत राहतात, पानांचे देठ पिवळसर असतात, पानं कमानीसारखी बाहेर झुकतात, आणि त्या गर्दीमुळेच पडदा तयार होतो. पोफळ एका खोडाची. ती सरळ वर जाते, कुळागरात माडाशी स्पर्धा करते, बुडाशी आडोसा कधीच देत नाही. कोवळ्या रोपाची पानं रुंद आणि टोकाला माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असतात. अरेका पामचीही पहिली एक-दोन पानं तशीच असतात, म्हणून लहान रोप घेताना फसायला होतं. सुपारी ज्या राज्यात घरोघर आहे तिथे सुपारीचंच रोप परदेशी पाम म्हणून विकलं गेलं, आणि मी वास्कोच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, मला ते ओळखता आलं नाही. राग अजून गेलेला नाही.

तक्रारीसाठी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला. तक्रार घेतली गेली, पण विक्रेत्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता आणि कागदावर झाडाचं नावच नव्हतं. अरेका म्हणून पोफळ दिली हे मी कशावरून दाखवणार? माझ्याकडे उरले ते त्याने पाठवलेले फोटो, त्यांच्याखाली त्याने स्वतः टाइप केलेलं 'अरेका पाम ४', आणि पैसे गेल्याची नोंद. ज्यांची अशी फसवणूक झाली आहे त्यांनी असले संदेश पुसू नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. रक्कम लहान म्हणून आम्ही गप्प बसतो, आणि टेम्पोवाल्याचा धंदा त्याच्यावरच चालतो. आम्ही तिघांनी आता कागद एकत्र केले आहेत.

कुणी दारावर झाडं विकायला आलं तर एक कुंडी आडवी करायला सांगा. मुळं धरलेलं झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर सरकतं, बुडाच्या भोकातून पांढरी मुळं दिसतात. खोचलेली फांदी नुसती हलते. "हलवू नका, झाड मरेल" असं उत्तर आलं तर व्यवहार तिथेच थांबवा. कुंडीवर सजावटीचे खडे असतील तर ते बाजूला करून बघा. पावतीवर झाडाचं नाव आणि नग लिहून घ्या. देखभालीचे पैसे आगाऊ देऊ नका, माणूस आला की त्या दिवसाचे द्या. याच विक्रेत्याने आमच्या सोसायटीच्या कुंपणालाही 'पाणी नको, खत नको' म्हणून कोनोकार्पस सुचवला होता. त्या झाडावर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली आहे, मुळं पाइपांत घुसतात आणि परागकणांचा त्रास होतो म्हणून. सेक्रेटरींनी नकार दिला हे नशीब.

पाणी-खत अजिबात नको असं झाड कुंडीत नसतं. कमी देखभालीची असतात, तीही जागा बघून. आमच्या जिन्यासारख्या कमी उन्हात राफिस पाम चांगला तग धरतो. स्नेक प्लांटला पाणी फार कमी लागतं, उलट जास्त झालं तर बूड कुजतं. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा जाळीतून येणाऱ्या झडीने कुंडी भिजलेलीच असते. पाणी बोट खुपसून बघूनच घालावं, आणि कुंडीखालच्या बशा जूनमध्ये काढून ठेवाव्यात, नाहीतर त्यांत डेंग्यूचे डास होतात. कुंड्या जिन्याच्या वाटेत येऊ नयेत हेही महत्त्वाचं. घाईने माणूस खाली उतरवायची वेळ कुणावरही येऊ शकते.

बारा पोफळी आत्या घेऊन गेली. तिने त्या कुळागरात पाटाच्या कडेला लावल्या आणि दहा जगल्या. मी एका रोपवाटिकेतून दोन राफिस आणि तीन उंच स्नेक प्लांट आणले, प्रत्येक कुंडी मालकाने तिथेच स्वतः आडवी करून दाखवली. राफिस हळू वाढतो, मालकाने ते आधीच सांगितलं होतं. सध्या तो खाटेच्या उंचीपर्यंत आला आहे. त्याच्या वरच्या भागासाठी दाराला सुती पडदा लावला आहे, आणि सासरे आता दुपारी दार उघडं ठेवून झोपतात.