नॉर्मन भालाईत की मॅग्यार तिरंदाज? पहिलं घोडदळ निवडताना

टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या छोट्या आकृतींत एक घोडेस्वार रंगवायला पायदळातल्या शिपायाच्या दुपटीहून जास्त वेळ जातो, कारण घोडा ही स्वतःच एक आकृती असते. त्यामुळे पहिली फौज चुकीची निवडली तर महिने वाया जातात. दहाव्या-अकराव्या शतकातलं घोडदळ हवं असणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा या दोघांतच होतो: उत्तर फ्रान्सचे नॉर्मन आणि आजच्या हंगेरीत वसलेले मॅग्यार. मी दोन्ही रंगवली आणि खेळवली आहेत. माझा कल आधीच सांगतो: खेळ लवकर सुरू करायचा असेल तर नॉर्मन घ्या, घोड्यांवर आणि कापडावर जीव असेल तर मॅग्यार.

नॉर्मनांसाठी संदर्भ शोधत बसावं लागत नाही. नॉर्मनांनी इंग्लंडच्या सॅक्सनांना हरवलं त्या 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणारी बायू टॅपेस्ट्री समोर आहेच. तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली, सुमारे 70 मीटर लांब. नाकावर पट्टी असलेली शिरस्त्राणं, पतंगाच्या आकाराच्या लांब ढाली, मानेवरचे केस भादरलेले नॉर्मन, सगळं तिथे दिसतं. भाला कुणी डोक्यावर उगारलाय, कुणी काखेत दाबलाय, म्हणून हात वेगवेगळ्या पद्धतीने चिकटवले तरी चालतात. चिलखताची कड्यांची जाळी तर नवशिक्याला वरदानच आहे. काळा प्रायमर (रंगाआधीचा थर), त्यावर धातूच्या रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग), मग गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग); एका संध्याकाळी आठ स्वारांची चिलखतं होतात.

वेळ खाते ती ढाल. वंशपरंपरागत चिन्हांची पद्धत तेव्हा रुजलेली नव्हती, म्हणून पंखवाले सर्प, क्रूस, वेटोळी यांतलं काहीही काढायला मोकळीक आहे. पण ते हाताने काढायचं तर बारीक ब्रश आणि स्थिर मनगट हवं. नसेल तर तयार स्टिकर वापरा, त्यात कमीपणा नाही. टॅपेस्ट्रीत घोडे निळसर-हिरवेही आहेत आणि पलीकडचे पाय वेगळ्या रंगाचे आहेत. ते भरतकाम करणाऱ्यांच्या हाताशी असलेले धागे होते. घोडे तसे रंगवू नका.

मॅग्यारांकडे जड चिलखत जवळजवळ नाहीच. त्यामुळे जाळीवर वाचलेला सगळा वेळ, आणि वर आणखी थोडा, कापडावर जातो: लांब अंगरखे, त्यांचे काठ, टोप्या, भाते, कंबरपट्टे. हंगेरीतल्या दफनांत सापडलेल्या, कमरेच्या पिशवीवर लावायच्या चांदीच्या पट्ट्यांवर पानाफुलांची वेलबुट्टी आहे. 28 मिमीच्या आकृतीवर तिचा आभास तीन ठिपक्यांत आणता येतो, 15 मिमीवर नुसता चांदीचा ठिपका पुरे. मला खरा आनंद मिळाला तो घोड्यांत. स्टेपीचे, म्हणजे युरेशियातल्या गवताळ मैदानांचे, लहान चणीचे घोडे, एकसारखे दोन नसावेत असं वाटायला लावणारे. आपल्या भाषेत घोड्यांच्या रंगांना नावं आहेत तीच यादी मी समोर ठेवली: तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा कुमाईत, अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी. ही पद्धत नॉर्मनांनाही लावा, पण मॅग्यारांत घोडा उघडा दिसतो, तिथे ती फळते.

प्रायमर आणि व्हार्निशच्या स्प्रेबद्दल दोघांसाठी एकच सूचना. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात स्प्रे मारू नका. जुलैत मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि माझ्या चार तयार घोड्यांवर पांढरट धुरकट थर बसला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी ब्रशनेच लावतो.

आता खेळ. डीबीए या नियमावलीत फौज 12 तळांची असते (तळ म्हणजे आकृती चिकटवायची चपटी पट्टी, ती एकत्रच हलते). नाइटांच्या तळावर 3 स्वार, हलक्या घोडदळाच्या तळावर 2, आणि 15 मिमीसाठी दोन बाय दोन फुटांचं टेबल पुरतं. दर खेपेला एक फासा टाकायचा, जितका आकडा तितक्या हालचाली. नॉर्मनांची रांग एकत्र असेल तर एका हालचालीत सगळी पुढे सरकते, त्यामुळे फाशावर 1 पडला तरी तुम्ही अडत नाही. मॅग्यार विखुरलेले असतात. 1 पडला की एकच टोळी हलते आणि बाकीच्या उघड्या पडतात. शिवाय डीबीएत हलकं घोडदळ लांबून बाण मारत नाही, ते सगळं हातघाईच्या गणितात धरलेलं असतं. तिरंदाजीच्या ओढीने मॅग्यार घेणाऱ्याचा इथे हिरमोड होतो. त्यांनी सागा या दुसऱ्या नियमावलीकडे वळावं. तिथे तिरंदाज स्वार खरोखर अंतर मोजून बाण सोडतात, आणि चार बाय तीन फुटांच्या टेबलावर पळायला जागाही मिळते.

जागा मिळाली की मात्र मॅग्यार खेळवण्यासारखी मजा नाही. पळाल्याचं सोंग घ्यायचं, पाठलाग करणारा विस्कळीत झाला की उलटून पडायचं. गनिमी कावा ऐकत वाढलेल्या मराठी खेळाडूला हे समजवावं लागत नाही. नॉर्मन नाइट डीबीएत जिंकला की आपोआप पाठलाग करतो, म्हणजे तो या सापळ्यात हमखास सापडतो. पण सोंगाची माघार फक्त स्टेपीची मिरास नव्हती, हेस्टिंग्जला नॉर्मनांनीही ती वापरल्याचं त्यांच्याच बाजूचे इतिहासकार सांगतात.

विकत घेण्याआधी शत्रूचा खर्चही जोडा. नॉर्मनांसमोर सॅक्सनांची ढालींची भिंत लागते, म्हणजे पायदळ: स्वस्त, लवकर रंगणारं. मॅग्यारांसमोर जर्मन राजा पहिला ऑटो याचं घोडदळ लागतं, म्हणजे घोडे पुन्हा दुप्पट. जर्मनीतल्या लेखफेल्डच्या लढाईत 10 ऑगस्ट 955 रोजी मॅग्यारांनी वळसा घालून मागच्या सामानावर हल्ला केला आणि लुटीत रमले, तेव्हा ऑटोचा जावई कॉनराड द रेड याने तो मागचा भाग सोडवला. पुढे उकाड्यात त्याने चिलखताचे बंद सैल केले आणि गळ्यात बाण लागून तो मेला. माझ्या जर्मन सेनापतीच्या गळ्याशी चिलखत उघडं रंगवलंय ते त्यासाठीच.