एक्झॉस्ट फॅन बसवण्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवावा की वायुवीजनाचा ठेकेदार?

बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन बसवायचे ठरले की बहुतेक जण आधी फॅनची चौकशी सुरू करतात. माझ्या मते तो बसवणार कोण, हे त्याआधी ठरवावे, कारण साधासा फॅनही नीट बसवला तर वर्षानुवर्षे भिंती कोरड्या ठेवतो आणि उत्तम फॅन चुकीच्या जागी बसला तर नुसता आवाज करत राहतो. जवळपास सहसा दोन प्रकारची माणसे मिळतात. एक म्हणजे घरातली विजेची कामे करणारा ओळखीचा इलेक्ट्रिशियन आणि दुसरा म्हणजे डक्ट (हवा वाहून नेणारी नळी) व वायुवीजन याच कामात असलेला ठेकेदार. भोक पाडण्यापुरता गवंडी दोघांनाही लागतो, पण सगळे काम एकट्या गवंड्यावर सोपवू नये.

या दोघांतून निवड करताना फॅनपासून मोकळी हवा किती दूर आहे, हे सर्वांत आधी पाहावे. बाथरूमची एखादी भिंत थेट बाहेरची असेल, किंवा वर व्हेंटिलेटरची खिडकी असेल आणि तिची एक काच काढून तिथे फॅन बसत असेल, तर इलेक्ट्रिशियन पुरेसा आहे. अशा ठिकाणी साधा पात्यांचा फॅन हवा सरळ बाहेर फेकतो, त्यामुळे डक्टचा प्रश्नच येत नाही. उरते ते विजेचे काम आणि त्यात इलेक्ट्रिशियनचा हात ठेकेदारापेक्षा सरस असतो. वेगळा स्विच, नीट अर्थिंग, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि शॉवरचे शिंतोडे पोहोचतील अशा जागी किमान आयपीएक्स-४ दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा फॅन, या गोष्टी त्याच्याकडून आग्रहाने करून घ्याव्यात. ठेकेदाराला काम दिले तर वायरिंग कोण करणार, हे मात्र आधी विचारावे, कारण पुष्कळदा त्यासाठी तो बाहेरचा माणूस आणतो.

बाथरूम घराच्या मधोमध असेल आणि हवा फॉल्स सीलिंगवरून काही मीटर न्यावी लागत असेल, तर माझा कौल स्पष्टपणे ठेकेदाराच्या बाजूने आहे. मी स्वतः हे काम एकदा केवळ विजेचे काम जाणणाऱ्या माणसाकडून करून घेतले होते. फॅन छान फिरत होता, आरशावरची वाफही जात होती, परंतु पुढच्या पावसाळ्यात पॅसेजच्या छतावर पिवळसर डाग उमटला. सीलिंगचा एक तुकडा काढून पाहिले, तर डक्टचे तोंड बाहेरच्या भिंतीपासून हातभर अलीकडेच संपलेले होते आणि त्याच्यासमोरच्या प्लायवर काळ्या बुरशीचा थर चढला होता. बाथरूममधली ओल आम्ही पैसे मोजून सीलिंगमध्ये नेऊन ठेवली होती.

ही चूक निष्काळजीपणापेक्षा अनुभवाच्या अभावाने होते. लांब डक्टमध्ये हवेला विरोध होतो, प्रत्येक काटकोनी वळण तो वाढवते आणि सुरकुत्या पडलेला लवचीक पाइप तर हवेचा ओघ निम्म्यावरही आणू शकतो. अशा ठिकाणी साध्या पात्यांच्या फॅनऐवजी दाब देऊ शकणारा सेंट्रिफ्यूगल फॅन लागतो. डक्ट शक्यतो गुळगुळीत व सरळ असावा, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असावा म्हणजे आत साचलेले पाणी फॅनवर ठिबकत नाही, आणि बाहेरच्या तोंडाला उलटी हवा अडवणारी झडप असावी. हे सगळे जाणकार ठेकेदार न विचारता सांगतो, आणि त्याच्याकडे डायमंड कोअर कटर असेल तर भिंतीला गोल, स्वच्छ भोक पडते. छिन्नीने फोडलेल्या भोकाभोवतीच्या फटी बुजवण्यात जी चालढकल होते, ती इथे टळते.

कोणालाही बोलवा, पण फॅनची क्षमता कशी ठरवली हे त्याला विचारा. बाथरूमची हवा तासाला साधारण ८ वेळा बदलावी असा एक प्रचलित आडाखा आहे. खोली २.४ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच असेल, तर तिचे आकारमान सुमारे ८.६ घनमीटर भरते, म्हणजे ताशी जवळपास ७० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. डक्टमधली घट धरून याहून मोठा फॅन घ्यावा लागतो. ‘मोठा लावू, काम होईल’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसऱ्या माणसाशी बोलावे. दाराखाली बोटभर फट हवी, हे जो आपणहून सांगतो त्याच्यावर माझा अधिक विश्वास बसतो, कारण आत हवा येण्याची वाट नसेल तर बाहेर जाणारी हवाही अडते.

बाथरूममध्ये किंवा शेजारच्या जागेत गॅस गिझर असेल, तर इलेक्ट्रिशियनवर निर्णय सोपवू नये. फॅनच्या ओढीने गिझरचा धूर उलटा घरात येऊ शकतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने तो जीवघेणा ठरतो. अशा वेळी गॅस उपकरणांचा जाणकार हवाच, मग खर्च कितीही वाढो.

दोघांकडून अंदाजपत्रक लेखी घ्यावे. इलेक्ट्रिशियनचा आकडा सहसा कमी असतो, पण भोक पाडणे, फटी सीलंटने बुजवणे, बाहेरचे शटर आणि प्लास्टरची डागडुजी त्यात धरली आहे का, हे पाहिल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये.

काम संपल्यावर दार बंद करून फॅन चालू करा आणि टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावा. तो चिकटून राहिला तर ओढ आहे असे समजावे, मात्र एवढ्यावर न थांबता बाहेर जाऊन डक्टच्या तोंडाशी हात धरून पाहावा. शेवटचा हप्ता हाताला हवा लागल्यानंतरच द्यावा. पुढे दर काही महिन्यांनी पाती व जाळी पुसण्याचे काम ओळखीचा इलेक्ट्रिशियनही करू शकतो, त्यामुळे डक्ट ठेकेदाराकडून घातला तरी त्याचा रस्ता कुठून गेला आहे, हे सीलिंग बंद होण्याआधी फोटो काढून त्याला दाखवून ठेवावे.