बिल्ड अडवायला कोणता आकडा बरा: सायक्लोमॅटिक की कॉग्निटिव्ह?

कोडची गुंतागुंत मोजून तिच्यावर मर्यादा घालावी याबद्दल बहुतेक टीममध्ये आता दुमत नसते. वाद होतो तो मर्यादा कोणत्या आकड्यावर घालावी, म्हणजेच पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यावा ही विनंती) अडवण्याचा अधिकार सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीला द्यावा की कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीला, यावर. हिंजवडीत पगारपत्रकांचे सॉफ्टवेअर करणाऱ्या एका टीममध्ये मी हा निर्णय दोनदा घेतला आणि दुसऱ्यांदा तो फिरवला, त्यामुळे पुढचे लिखाण अगदी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. ढोबळमानाने सांगायचे तर सायक्लोमॅटिक आकडा म्हणजे फंक्शनमधल्या अटी, लूप आणि केस यांची संख्या अधिक एक. कॉग्निटिव्ह आकडा कोड वाचायला किती जड आहे ते मोजतो, त्यामुळे एकात एक गुंतलेल्या अटींना त्यात जास्त गुण पडतात.

आधी सायक्लोमॅटिकची बाजू मांडतो, कारण ती वाटते तितकी लंगडी नाही. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलेले हे माप आलेखाच्या गणितावर उभे आहे आणि त्यामुळे त्यात वैयक्तिक मताला फारशी जागा उरत नाही. फंक्शनचा आकडा ९ असेल तर त्यातून जाणारे, एकमेकांपासून स्वतंत्र असे ९ मार्ग आहेत आणि ते तपासायला निदान तितक्या टेस्ट लिहाव्या लागतील, असा थेट अंदाज त्यातून मिळतो. कॉग्निटिव्ह आकड्यातून तो मिळत नाही. टूलही शोधत बसावे लागत नाही. जावासाठी पीएमडी आणि चेकस्टाइल, पायथनसाठी रेडॉन, अनेक भाषांचा मिश्र कोड असेल तर लिझार्ड, आणि ही सगळी फुकट मिळतात. आम्ही पीएमडी घेतले, मर्यादा १० ठेवली आणि पहिले काही महिने समाधानात होतो.

ते समाधान एका स्विचने, म्हणजे एखादे मूल्य पाहून अनेक केसमधून एक निवडणाऱ्या रचनेने, घालवले. व्यवसाय कर प्रत्येक राज्यात वेगळा असल्यामुळे, कर्मचाऱ्याच्या राज्याचा कोड पाहून त्या राज्याचा हिशेब करणारा क्लास परत देणारे एक छोटे फंक्शन आमच्याकडे होते. त्यात १४ राज्ये, १४ केस, प्रत्येक केसमध्ये एक रिटर्न आणि शेवटी, काहीच न जुळल्यास, डिफॉल्ट, एवढेच होते. चहाचा कप खाली ठेवायच्या आत वाचून व्हावे असे ते फंक्शन. सायक्लोमॅटिकने त्याला १५ गुण दिले आणि बिल्ड, म्हणजे कोडची आपोआप होणारी बांधणी आणि तपासणी, लाल झाले. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूला जी दुरुस्ती आली तिच्यात पहिल्या फंक्शनमध्ये सात राज्ये होती आणि डिफॉल्टमधून बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनमध्ये बाकीची सात. त्या दुसऱ्या फंक्शनचे नावही प्रामाणिकपणे ‘उरलेली राज्ये’ अशाच अर्थाचे होते. दोन्हीकडे आकडा ८, बिल्ड हिरवे. असे का केले म्हणून विचारले तर तो मुलगा शांतपणे म्हणाला, “दहाची मर्यादा तुम्हीच लावलीय ना?” यावर मला काही बोलता आले नाही. कर्नाटक पहिल्या फंक्शनमध्ये का आणि तामिळनाडू दुसऱ्यात का, याचे उत्तर व्यवसाय करात कुठेच नव्हते. ते आमच्या बिल्डच्या सेटिंगमध्ये होते.

स्विचऐवजी मॅप (राज्याचा कोड आणि त्याचा क्लास यांच्या जोड्यांचा तक्ता) वापरला असता तर प्रश्नच आला नसता, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण मग वाचायला तितकाच सोपा असलेला कोड एका रूपात १५ आणि दुसऱ्या रूपात १ गुण मिळवतो, हेही मान्य करावे लागेल. मॅकेब यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक नोंद करतो: १० ही मर्यादा सुचवतानाच त्यांनी ती काही जादूची संख्या नाही असे म्हटले होते आणि मोठ्या केस स्टेटमेंटला सूटही दिली होती. टूलच्या मूळ सेटिंगमध्ये ती सूट सहसा नसते. चेकस्टाइलमध्ये संपूर्ण स्विच एकच निर्णय धरण्याची सोय आहे. आम्ही ते टूल घेतले असते तर कदाचित माझा त्रागा इथेच मिटला असता.

पूर्ण मिटला नसता, कारण याच आकड्याने दुसरीकडे एक फंक्शन निमूटपणे आत सोडले होते. महाराष्ट्रात दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला व्यवसाय कर नाही, १०,००० पर्यंत १७५ रुपये, आणि त्यापुढे दरमहा २००, फक्त फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात. महिलांसाठीची सूट एप्रिल २०२३ पासून १०,००० वरून २५,००० रुपयांपर्यंत वाढली, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने जुन्या कोडभोवती आणखी एक इफ, म्हणजे अट, गुंडाळला. आता कर्मचाऱ्यांचे लूप, त्यात राज्य महाराष्ट्र आहे का, त्यात कर्मचारी महिला आहे का, त्यात पगार २५,००० च्या वर आहे का, अशी उतरंड झाली, आणि महिलांच्या शाखेत फेब्रुवारीची अट लिहायची राहून गेली. रिव्ह्यूमध्ये ते मलाही दिसले नाही. पुढच्या फेब्रुवारीत महिला कर्मचाऱ्यांची कपात प्रत्येकी शंभर रुपयांनी कमी झाली, तेव्हा ग्राहकाच्या पगार विभागाकडून फोन आला. चूक होती तेव्हा या फंक्शनचा सायक्लोमॅटिक आकडा ८ होता आणि राहिलेली अट घातल्यावर तो ९ झाला. कॉग्निटिव्हने मोजून पाहिले तर चुकीसकट २२ आणि दुरुस्तीनंतर २८. त्याच पद्धतीने त्या निरुपद्रवी स्विचला गुण होता १.

हा फरक कुठून येतो ते एकदा हाताने मोजून पाहण्यासारखे आहे. कॉग्निटिव्हमध्ये बाहेरच्या लूपला १, त्यातल्या इफला २, त्याच्या पोटातल्याला ३, असे खोलीप्रमाणे गुण वाढत जातात. फेब्रुवारीची अट पाचव्या पायरीवर असल्याने तिला एकटीलाच ५ मिळतात. एल्सला, म्हणजे ‘नाहीतर’च्या शाखेला, मात्र सरसकट १. कोड वाचताना आपणही नेमके हेच करतो, म्हणजे बाहेरच्या चार अटी डोक्यात धरून पाचवी वाचतो.

नंतर आम्ही लूप वेगळे काढले आणि कराच्या फंक्शनमध्ये बाहेर पडण्याच्या अटी वर आणल्या. राज्य महाराष्ट्र नसेल तर परत, महिला असून पगार २५,००० पर्यंत असेल तर शून्य, ७,५०० पर्यंत शून्य, १०,००० पर्यंत १७५, आणि शेवटच्या ओळीत महिना फेब्रुवारी असेल तर ३००, नाहीतर २००. फेब्रुवारीची अट दोनदा लिहिण्याची गरजच उरली नाही, म्हणजे ती विसरण्याची जागाही उरली नाही. कॉग्निटिव्ह आकडा या फंक्शनचा ६ आणि लूपचा १, मिळून २८ वरून ७ वर आला. सायक्लोमॅटिक आकडे अनुक्रमे ७ आणि २, बेरीज पुन्हा ९, जितका आधी होता तितकाच. एका फंक्शनवरून मोजमापाचा निवाडा करू नये हे मला मान्य आहे, परंतु माझे मन वळायला ते पुरले.

कॉग्निटिव्हला दोष नाहीत असे नाही. हे माप सोनारसोर्स या सॉफ्टवेअर कंपनीतील जी. ॲन कॅम्पबेल यांनी मांडले आणि त्याची व्याख्या एका कंपनीच्या घरातून आलेली आहे. पाचव्या पायरीवरच्या इफला ५ गुण का, ८ का नाहीत, याला गणिती उत्तर नाही, अनुभवाचे आहे. टेस्ट किती लागतील हे त्यातून कळत नाही. एकही अट नसलेले तीनशे ओळींचे सरळसोट फंक्शन या पद्धतीत शून्य गुणांनी सुटते, त्यामुळे लांबीची मर्यादा वेगळी ठेवावीच लागते. व्हेरिएबलची नावे वाईट असतील तर दोन्ही मापे सारखीच आंधळी आहेत.

आपण चाकण परिसरातल्या वाहनउद्योगासाठी कंट्रोलरमधला कोड लिहीत असाल तर माझा सल्ला बहुधा लागू पडणार नाही. आयएसओ २६२६२ हे वाहनांच्या सुरक्षिततेचे मानक कमी गुंतागुंतीचा आग्रह धरते पण आकडा सांगत नाही. आकडा सहसा ग्राहकाच्या नियमावलीतून येतो आणि तो सायक्लोमॅटिकचा असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय प्रत्येक मार्गाची टेस्ट दाखवावी लागत असेल तर मार्ग मोजणारे मापच हाताशी हवे. व्यवसायाच्या नियमांनी भरलेला, दर अर्थसंकल्पाला बदलणारा आणि दर दोन वर्षांनी नव्या माणसाच्या हाती जाणारा कोड असेल, तर मात्र मी आज बिल्ड अडवण्याचे काम कॉग्निटिव्हलाच देईन.

आमच्याकडे सध्या तसेच आहे. सोनारसोर्सच्या सोनार या टूलमधली मूळची १५ ची मर्यादा आम्ही तशीच ठेवली, ती फक्त नव्या आणि बदललेल्या कोडला लावली, आणि सायक्लोमॅटिकचा अहवाल टेस्टचा अंदाज बांधण्यापुरता चालू ठेवला. ‘उरलेली राज्ये’ पुन्हा पहिल्या सात राज्यांना येऊन मिळाली आहेत. थकबाकीचा हिशेब करणारे एक जुने फंक्शन अजून ९४ वर आहे. त्यात बदल करण्याची वेळ येईल तेव्हा पाहू, कारण तूर्त तरी ते थकबाकी बिनचूक काढते.