'पीसीओडी पॅकेज': सोलापुरात पैसे भरण्याआधी

सात रस्ता असो की होटगी रोड, लॅबमध्ये हल्ली 'पीसीओडी प्रोफाइल' मागितलं की मिळतं. पीसीओडी म्हणजे अंडाशयातून बीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी लांबते असा हार्मोनचा बिघाड. नाव आणि किंमत बदलते, आतल्या तपासण्या साधारण त्याच: एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही पाळीशी संबंधित हार्मोन्स, थायरॉइडसाठी टीएसएच, पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन, उपाशीपोटी साखर आणि इन्सुलिन. मोठ्या पॅकेजात एएमएच (बीजपुटिकांतून येणारं हार्मोन) येतं, आणि कधी 'कॅन्सरचीही खात्री' म्हणून सीए-125 ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वापरली जाणारी रक्तचाचणी. घरून रक्त नेतात, रिपोर्ट मोबाइलवर येतो, ही सोय चांगलीच. पण पीसीओडीत कॅन्सरचा जो खरा धोका आहे, त्याचं उत्तर यातल्या एकाही आकड्यात नाही.

सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' म्हणजे अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका. त्यांचा कॅन्सर होत नाही. जपायचं असतं ते गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराला. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं, अस्तराची वाढ थांबते आणि पाळी येते. बीज सुटलंच नाही तर इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच महिनोन् महिने अस्तर वाढवत राहतं. अंगावरची चरबी त्यात आणखी इस्ट्रोजेनची भर घालते. 2014 साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात पीसीओएस (पीसीओडीचंच वैद्यकीय नाव) असलेल्या स्त्रियांत अस्तराच्या कॅन्सरची शक्यता सुमारे 2.8 पट आढळली, 54 वर्षांखालच्यांत सुमारे 4 पट. स्तनाच्या कॅन्सरची शक्यता वाढलेली नव्हती. तरुणपणी हा कॅन्सर मुळातच विरळ, त्यामुळे चौपट होऊनही बहुतेकींना तो होत नाही. एवढ्या भीतीवर कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा.

म्हणून पॅकेज घेऊ नका, तपासण्या सुट्या घ्या. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन हवंच, कारण त्यांच्या बिघाडानंही पाळी लांबते. टेस्टोस्टेरॉनबरोबर एसएचबीजी, म्हणजे त्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन, घ्या. 17-ओएच प्रोजेस्टेरॉन (पीसीओडीसारखाच दिसणारा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार ओळखण्यासाठी) पॅकेजात सहसा नसतं, ते सकाळी, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात करून घ्या. उपाशीपोटी इन्सुलिन सोडा. त्याऐवजी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखर कितीतरी जास्त सांगते. एएमएचचा उपयोग निदानापुरता, तोही प्रौढ स्त्रीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं ते करून काहीच ठरत नाही. सीए-125 सरळ वगळा. पाळी चालू असताना, फायब्रॉइड असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये (अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो तेव्हा), ओटीपोटाच्या टीबीतही ते वाढतं, आणि घरचे आठवडाभर झोपत नाहीत.

रिपोर्ट चुकतो तो बहुधा सुई टोचण्याआधीच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन करण्यात अर्थ नाही, मध्ये तीन महिने जावे लागतात. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर टीएसएचचा आकडाही फसवा येऊ शकतो. किमान 2-3 दिवस आधी बंद ठेवा. रक्त घेणाऱ्यानं हे विचारायला हवं, न विचारल्यास आपण सांगावं.

आता सोनोग्राफी. कॅन्सरच्या दृष्टीनं महत्त्वाची तपासणी हीच, आणि रक्ताच्या पॅकेजात ती नसते. लग्न न झालेल्या मुलींची ती पोटावरून, लघवी तुंबवून करतात. त्यात बीजपुटिकांची मोजणी भरवशाची नसते, म्हणून अंडाशयाचं आकारमान बघतात: 10 मिली किंवा जास्त. नुसतं 'पीसीओडी पॅटर्न' लिहिलेला रिपोर्ट घेऊन उठू नका. अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये आणि शेवटच्या पाळीची तारीख, दोन्ही एकत्र हवं. पाळी संपताच 3-4 मिमी आणि पाळीआधी 12 मिमी असं एकाच निरोगी बाईचं असू शकतं. तारखेविना जाडीला काही अर्थ नाही.

दोन पाळ्यांत 90 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल तर पुढचं असं चालतं. आधी गरोदरपणाची चाचणी. ती निगेटिव्ह आली की डॉक्टर प्रोजेस्टेरॉन जातीची गोळी देतात, साधारणपणे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन 10 मिग्रॅ, 10 ते 14 दिवस. गोळ्या संपल्यावर बहुधा आठवडाभरात रक्तस्राव होऊन अस्तर पडून जातं. मग पुन्हा सोनोग्राफी. ही गोळी मेडिकलमधून मनानं आणू नये. दर तीन महिन्यांनी असा स्राव, किंवा गर्भनिरोधक गोळ्या, किंवा कॉपर-टीसारखी पिशवीत बसवायची, हार्मोन सोडणारी आययूएस, यांतलं काय ते डॉक्टर ठरवतील; अस्तर राखणं हाच तिन्हींचा हेतू. वजन कमी झाल्यावर काहींची पाळी आपोआप नियमित होते, तेव्हा गोळ्यांची गरजही कमी होते.

स्रावानंतरही अस्तर जाड राहिलं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडू लागले, किंवा पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव बिघडला तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. बारीक नळीनं ओपीडीतही तो घेता येतो. पॅप स्मिअर नॉर्मल आहे म्हणून हे टाळू नका. ती तपासणी पिशवीच्या तोंडाची आहे, आतल्या अस्तराची नाही. कॅन्सर निघालाच तर जिल्हा सोडावा लागेलच असं नाही, बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे.

डॉक्टरांकडे जाताना वर्षभराच्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्या. गड्ड्याच्या जत्रेला किंवा आषाढीला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तीही त्यात लिहा, कारण ती बंद केल्यावर आलेला स्राव आपोआप आलेल्या पाळीत धरत नाहीत.